शेजाऱ्याची कोंबडी, आपली कोंबडी



आज निकालाविषयी न बोलता कोंबडीपालनाविषयी बोलणार आहे. अमरावती-अकोल्याकडे कुणाचे शेड आहे, कुणाचे चिकनचे दुकान, कुणी अंड्यांची गाडी चालवतो. मुलांची फी याच मिळकतीतून भरली जाते.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर आठवा. भारतातील कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू तेथेच आढळला. 18 फेब्रुवारी 2006 रोजी तो जाहीर झाला. लहानशा परिसरात शेडला लागून शेड होते. रोगाच्या जागेपासून 3 किलोमीटरच्या आतील कोंबड्या मारण्याचा तेव्हा नियम होता. म्हणजे ज्याने स्वच्छता राखली, ज्याच्या कोंबड्या धडधाकट होत्या, त्याचेही शेड रिकामे झाले. 2021 साली नवापुरावर पुन्हा तीच वेळ आली.

हा विषाणू मुळात रानटी पाणपक्ष्यांमध्ये असतो. पण एका शेडातून दुसऱ्या शेडात तो बहुधा आपणच नेतो. खाद्याची गाडी एकच, अंड्यांचे ट्रे तेच, मजुराची चप्पलही तीच. मेलेली कोंबडी नाल्यात फेकली की कुत्री-कावळे ती पुढे पोचवतात. शिवाय हजारो कोंबड्या एका छपराखाली असल्या की विषाणू झपाट्याने वाढतो, आणि वाढता वाढता कधी सौम्य जात जहाल बनते. नेदरलँड्ससारख्या पुढारलेल्या देशातही 2003 साली शेडांची दाटी असलेल्या भागात साथ भडकली. सुमारे 3 कोटी पक्षी गेले आणि एका पशुवैद्याचाही मृत्यू झाला.

मग करावे काय? नवे शेड स्वस्त जागा मिळाली म्हणून दुसऱ्याच्या शेडाला चिकटून बांधू नका. दारात जंतुनाशकाचे पाणी आणि शेडापुरती वेगळी चप्पल ठेवा. ट्रे धुतल्याशिवाय आत घेऊ नका. मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मर लपवू नका. बदनामीच्या भीतीने आपण गप्प बसतो, आजारी माल घाईने विकतो. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. तेव्हा लवकर कळवणाऱ्याचेच नुकसान कमी होते, आणि शेजारीही वाचतो. ग्राहकांनाही सांगा की, 70 अंशांवर नीट शिजलेल्या मांसात व अंड्यात हा विषाणू टिकत नाही.

आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्या शेडालाही लागू पडते.

विद्यार्थी मित्रांनो, पशुवैद्यक शास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची संस्था आपल्या अकोल्यातच आहे. तुमच्यापैकी कुणी पशुवैद्य होऊन या शेडांमध्ये यावे, एवढीच माझी दुआ आहे.