जुन्या जीपची घरघर

माणसाला घरघर लागली म्हणजे घरांतील मंडळी वैद्याकडे धांवतात. जुन्या जीपला घरघर लागली म्हणजे मालक सुटे भाग विकणाऱ्याच्या दुकानाकडे धांवतो. फरक इतकाच कीं, वैद्य औषधापूर्वीं नाडी पाहतो. गाडीच्या बाबतींत मात्र बहुधा औषध आधीं येतें व नाडी मागाहून पाहिली जाते.

गोराईसारख्या गांवीं हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. खाडीपलीकडे बोरिवली समोर दिसते. तरींतून माणसें आणि दुचाकी गाड्या थोड्या मिनिटांत पैलतीरीं पोंचतात. परंतु चारचाकी गाडीला उत्तन-भाईंदरमार्गें लांबचा वळसा घ्यावा लागतो. बर्फांत घातलेली मासळी किंवा वाडींतली भाजी घेऊन पहांटे निघालेली गाडी वाटेंत अडली, तर त्या दिवसाची कमाई बुडाली. वाळू आणि पावसाळ्यांतील चिखल यांतून निघण्यास चारही चाकें ओढणारी गाडी सोयीची. आणि ती नवी परवडत नसल्यानें पुष्कळदां जुनी घेतली जाते.

अशा गाड्यांचें कुळ विलीज जीपचें. दुसऱ्या महायुद्धांत विलीज व फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या. १९४५ सालीं स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र हें नांव धारण केलेल्या कंपनीनें विलीज जीपांची जोडणी मुंबईंत सुरू केली. पुढें खाडीपलीकडच्याच कांदिवली येथील कारखान्यांतून त्यांच्या वंशजांच्या पिढ्या बाहेर पडल्या. १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. रूपें बदललीं, तरी मूळ रचना बरीचशी तीच राहिली. इंजिनाची शक्ति गिअर-बॉक्समधून ट्रान्स्फर केस नांवाच्या पेटींत येते. तेथून एक शाफ्ट मागील आंसाकडे व दुसरा पुढील आंसाकडे जातो. आणि प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांस ‘क्रॉस’ म्हणून ओळखला जाणारा सांधा असतो.

घरघर यांपैकीं कोणाची, हें ठरविण्यास पहिला प्रश्न असा: ती इंजिनाच्या गतीबरोबर वाढते, कीं चाकांच्या? रिकाम्या, सरळ रस्त्यावर ज्या वेगांत कंप येतो त्या वेगांत क्लच दाबून गिअर काढून घ्यावा. इंजिन मात्र चालूच ठेवावें. गाडी आपल्या वेगानें घरंगळत असतां कंप तसाच राहिला, तर इंजिन व क्लच बहुतेक निर्दोष ठरतात.

दुसरा प्रश्न: कंप मंद आहे कीं जलद? ताशीं ५० किलोमीटर वेगांत जीपचें चाक सेकंदास सुमारें सहा फेरे घेतें. युद्धकालीन जीपच्या आंसांतील दंतचक्रांचें प्रमाण ४.८८ होतें, म्हणजे त्याच वेळीं शाफ्ट सेकंदास सुमारें तीस फेरे घेतो. स्टिअरिंग डुलल्यासारखें हाललें तर दोष चाकाचा समजावा. तळाशीं भुंग्यासारखा बारीक थरकांप झाला तर शाफ्टचा. चाकाच्या रिममध्यें एका बाजूस वाळून बसलेला चिखलही गाडी हालवूं शकतो, आणि त्याचा उपाय बादलीभर पाणी हाच होय!

तिसरा प्रश्न वळणाचा. उजवीकडे वळतांना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. त्या वेळीं घुमणें वाढलें, तर डाव्या बाजूच्या चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलतांच आवाज बदलला, तर तो झिजलेल्या टायरचा. ॲक्सिलरेटर दाबतां व सोडतां स्वर पालटला, तर आंसांतील पिनियनकडे पाहावें.

येथें एक फसगत होते. ‘टू-व्हील’मध्यें चालवितांनाही आवाज येतो, म्हणून पुढचा शाफ्ट निर्दोष, असें अनेकांस वाटतें. परंतु ज्या गाड्यांत पुढचीं चाकें आंसापासून सोडविण्याची सोय नाहीं, तेथें तीं चाकेंच पुढचा शाफ्ट फिरवीत राहतात. म्हणून तो सोडवून, बाजूला ठेवून गाडी चालवून पाहावी. आवाज गेला तर दोष पुढचा. मागचा शाफ्ट काढतांना मात्र सावध असावें. जुन्या विलीज जीपचा हातब्रेक त्याच शाफ्टला धरतो. शाफ्ट निघाला कीं हातब्रेकही गेला. चाकांना आधीं दगड लावल्याशिवाय गाडीखालीं जाऊं नये.

शाफ्टचे दोष मुख्यतः दोन. पहिला, क्रॉसची झीज. गाडी पुढून मागें घेतांना ‘टण्’ असा आवाज, किंवा हळू चालतांना चिमणीसारखी चिवचिव, हीं त्याचीं लक्षणें. तांबूस भुकटी दिसली कीं आंतील बारीक सळ्या गंजल्या समजावें; मग ग्रीज पुरेसें नाहीं, क्रॉसच बदलला पाहिजे. याची हयगय प्राणाशीं गांठ घालते, कारण धांवत्या गाडीखालीं शाफ्टचें पुढचें टोक निसटलें तर तें रस्त्यांत रुतूं शकतें.

दुसरा दोष झिजेचा नसून जोडणीचा, आणि पैसा व्यर्थ घालविणारा. वांकून फिरणारा एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यांत दोनदां गति वाढवितो व दोनदां कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती विषमता भरून काढतो; परंतु दोन्हींचे कोन सारखे असले आणि शाफ्टवरील दोन्ही काटे एका रेषेंत असले तरच. शाफ्टचा सरकता सांधा कोणीं उघडून एखादा दांता चुकवून बसविला, तर सर्व भाग नवे असूनही गाडी थरथरते. आणि मालक ट्रान्स्फर केस उघडूं लागतो. म्हणून बाणाच्या खुणा जुळवाव्या. नसतील तर उघडण्यापूर्वीं रंगानें कराव्या. कमानी बदलून उंच केलेल्या गाडींत कोनही तपासावे.

खारें पाणी या सर्वांचें मूळ शत्रु. तापलेला आंस पाण्यांत बुडाला कीं आंतील हवा आकुंचन पावते. श्वासनळी चोंदली असेल तर तो सीलमधून पाणी ओढून घेतो. तेल दुधाळ दिसलें तर ओळखावें. भरतीचें पाणी लागलें त्याच दिवशीं गोड्या पाण्यानें तळ धुवावा, आणि क्रॉसमध्यें चारही टोकांतून जुनें ग्रीज बाहेर येईतों नवें भरावें.

यांतील बहुतेक परीक्षांना एक पाना, एक जॅक आणि सावध कान एवढेंच लागतें. गाडी विकत घेण्यापूर्वीं अर्धा तास अशी नाडी पाहिली, तर खाडीपलीकडून मेकॅनिक बोलावण्याचे अनेक दिवस वांचतील. भाग बदलणें हें काम शेवटचें. ऐकणें हें पहिलें.