कागद आपले, किल्लीही आपलीच हवी

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दस्तऐवज-जतन शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 साली छापलं गेलं. पुढे ते इतकं विस्मरणात गेलं की 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. पुस्तक नष्ट झालं नव्हतं, ते फक्त कुणाच्या नजरेसमोर नव्हतं. बायकांचं लिखाण पुष्कळदा असंच हरवतं. म्हणून आज मी कागद जपण्यापेक्षा कागद दिसण्याबद्दल बोलणार आहे.

आपल्यातल्या काही संघटनांनी जुने अंक, पोस्टर्स, मोर्च्यांचे फोटो स्कॅन करून घेतले आहेत. पुढे काय होतं? फायली हार्ड डिस्कवर जातात आणि डिस्क कपाटात जाते. म्हणजे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात! ते पान कुणाही बाईला उघडून, मोठं करून वाचता यावं यासाठी 'व्ह्यूअर' लागतो. व्ह्यूअर म्हणजे संग्रहातली पानं पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर. काही कंपन्या ते दरवर्षी पैसे घेऊन देतात. पण याच कामाची ओपन सोर्स सॉफ्टवेअर्सही आहेत. त्यांची घडण सगळ्यांसाठी खुली असते. वापरा, बदला, दुसऱ्यांना द्या, परवान्याचे पैसे नाहीत.

एक उदाहरण देते. लंडनच्या वेलकम संग्रहात 17व्या शतकातल्या इंग्लिश बायकांनी घरी लिहिलेल्या वह्या आहेत. औषधं आणि पाककृती एकाच वहीत, अगदी आपल्या आजीबाईच्या बटव्यासारख्या. त्यातली एक लेडी अ‍ॅन फॅनशॉ यांची, 1651 मध्ये सुरू झालेली. वैद्यकीचा इतिहास विद्यापीठातल्या पुरुषांचाच नव्हता, याचा हा लेखी पुरावा. या संग्रहासाठी जो व्ह्यूअर बनवला गेला, त्यातूनच पुढे 'युनिव्हर्सल व्ह्यूअर' हे खुलं सॉफ्टवेअर वाढलं आणि इतर ग्रंथालयांनीही ते घेतलं.

त्याची युक्ती समजायला सोपी आहे. मोठ्या चित्राचे लहान लहान चौकोन करतात. आपण पानाचा जेवढा भाग बघतो, तेवढेच चौकोन आपल्याकडे येतात. म्हणून साध्या फोनवर, मंद इंटरनेटवरही शाईचा डाग दिसेल इतकं जवळ जाता येतं. 'ओपनसीड्रॅगन' हे खुलं सॉफ्टवेअर नेमकं हेच काम करतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सामाईक नियम. 2011 पासून काही मोठ्या ग्रंथालयांनी मिळून 'ट्रिपल-आय-एफ' नावाची पद्धत ठरवली. प्रत्येक वस्तूबरोबर एक यादी ठेवायची: पानं किती, कोणत्या क्रमाने, कुणाची, हक्क कुणाचे. या यादीला 'मॅनिफेस्ट' म्हणतात. यादी ठरलेल्या पद्धतीची असली की कुठल्याही व्ह्यूअरला ती वाचता येते.

याचा फायदा बघा. क्रिस्तीन द पिझान ही ऐन पंचविशीत विधवा झालेली, तीन मुलांची आई. लेखणीवर घर चालवणाऱ्या या बाईने 1405 च्या सुमारास बायकांच्या बदनामीला उत्तर देणारा 'स्त्रियांचं नगर' हा ग्रंथ लिहिला. त्याची एक सचित्र प्रत लंडनला आहे, दुसरी पॅरिसला. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेला 'मिराडोर' हा व्ह्यूअर अशाच कामासाठी आहे. दोन देशांतली पानं एकाच पडद्यावर शेजारी शेजारी ठेवायची आणि चित्राच्या एखाद्या कोपऱ्यावर आपली टीपही जोडायची. आपल्या मोर्च्याच्या फोटोखाली नुसतं 'महिला कार्यकर्त्या' असं लिहिलेलं असतं ना? तिथे एकेका चेहऱ्याला नाव देता येईल. अर्थात, तिला विचारून.

पण हुरळून जाऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने दिसेनाशी झाली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत! व्ह्यूअर ही खिडकी आहे, तिजोरी नव्हे. मूळ कागद आणि स्कॅनच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी हव्यातच. फुकट सॉफ्टवेअरलाही सर्व्हरचं भाडं लागतं आणि ते सांभाळणारं माणूस लागतं. ते माणूस आपल्यातलीच एखादी मुलगी का असू नये?

आणि सगळंच दाखवायचं नसतं. आपल्याकडे अत्याचार सोसलेल्या बायकांची निवेदनं आहेत, कोर्टाचे कागद आहेत. ते तिने विश्वासाने आपल्या हाती दिले, जगाने बघावेत म्हणून नव्हे. यादीत काय घालायचं, काय कुलपात ठेवायचं, हे यंत्र ठरवणार नाही. आपणच बसून ठरवायचं.

तेव्हा स्कॅनिंगचं काम कुणाला देण्याआधी तीन प्रश्न विचारा. मूळ आकाराच्या फायली आमच्या हाती देणार का? पानांची यादी खुल्या पद्धतीत देणार का? उद्या तुमचं काम बंद पडलं तर आमची पानं दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडतील का? तिन्हींना 'हो' असं लेखी मिळालं, तरच सही करा.