विस्मृतीतील वडीलधाऱ्यांची सोबत



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथे संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. अशा ठिकाणी भेटीस जावे असे म्हटले, की तरुण विचारतात, "वृद्धांस स्मृतिभ्रंश झालेला, ते आम्हांस ओळखणार नाहीत. मग जाऊन उपयोग काय?"

ह्याचे उत्तर २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी दिले आहे. त्यांनी अशा रुग्णांस चित्रपटांतील सुखदुःखाचे प्रसंग दाखविले. प्रसंग लवकरच विसरले गेले; मनातील भावना मात्र मागे रेंगाळत राहिली. अर्थात भेट विसरली, तरी भेटीचे समाधान उरते.

म्हणून "ओळखले का?" अशी परीक्षा घेऊ नये. आपणच नाव-गाव सांगून शेजारी बसावे. ह्या व्याधीत कालचे आधी पुसले जाते, जुने पुष्कळ काळ टिकते. एखादे आजोबा मूर्तिजापूरच्या गाडीची वाट पाहत असतील, तर 'शकुंतला' बंद झाली म्हणून वाद घालू नये. त्या प्रवासाविषयी विचारावे. आजीबाईंस कापूसवेचणीविषयी, जात्यावरील ओव्यांविषयी बोलते करावे. व्यवस्थापकांच्या अनुमतीने, ठरलेल्या वारी, शक्यतो त्याच व्यक्तीने जावे.

ज्यांनी दारोदार फिरून आपल्या मंडळाची वर्गणी जमविली, त्या पिढीवर आज हा प्रसंग आहे. प्रत्येक घरातून एकाने तरी महिन्याचे दोन दिवस ह्या कार्यास द्यावेत, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.