गावचा हिशेब गावापुढे
(काल्हेर येथील सभेत केलेल्या भाषणावरून)



काल्हेरला येताना रस्त्याच्या दोहों बाजूंस गोदामांच्या रांगा दिसतात. त्या इमारतींवर कर बसतो आणि तो ग्रामपंचायतीच्या तिजोरीत जमा होतो. या उत्पन्नातून आपल्या वस्तीच्या वाट्याचे किती रुपये गेल्या वर्षी खर्ची पडले, हे आपणांपैकी कितीजण सांगू शकतील?

वाट्याचे, असे मी जाणूनबुजून म्हणतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नापैकी १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा दंडक आहे. त्याखेरीज अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांसाठी राज्य सरकारचे अनुदान निराळे. त्यातून पाणी, गटारे, रस्ते, दिवे, समाजमंदिर ही कामे व्हावयाची. धर्मांतर केल्याने सवलती बुडतील अशी भीती १९५६ नंतर आपल्या माणसांना घालण्यात आली. महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० पर्यंत वाट पाहावयास लाविली. इतक्या वर्षांच्या झगड्याने मिळविलेला हा हक्क आहे. असे असता गटारावर चार फरश्या पडल्या की पुढाऱ्याच्या नावाचा फलक लागतो आणि आपण त्याला हार घालतो! किती मंजूर झाले, किती खर्चले, ठेका कोणास दिला, हे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो; कारण ते अनुदान आपण उपकार समजून घेतलेले असते.

३० मे १९४९ रोजी संविधानसभेत पूज्य बाबासाहेबांनी महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले होते. त्याचे कर्तव्य न्यायमंडळाच्या कर्तव्याहूनही मोठे, असे त्यांचे मत होते. अर्थशास्त्राच्या त्या पंडिताने सरकारी पैशाच्या हिशेबाला केवढे स्थान दिले, ते पाहा.

दिल्लीचा हिशेब संसदेपुढे जातो, तसा गावचा ग्रामसभेपुढे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत वार्षिक जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे मांडावेच लागतात. त्या सभेस आपण जात नाही आणि मग घरी बसून कुरकुरतो. भगिनींनी तर अवश्य जावे. पाण्याचा नळ कोठे हवा हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक आहे?

तेथे उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अनुदानाच्या योजनांची रक्कम आणि लाभार्थींची नावे कार्यालयाने मागणीवाचून प्रसिद्ध करावीत, असे त्याच्या चौथ्या कलमात आहे. ती नसतील तर अर्ज करावा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही माफ. ३० दिवसांत उत्तर न आल्यास अपील करावे.

एक कटू गोष्टही बोलतो. विहारासाठी आणि जयंतीसाठी आपण घरोघर वर्गणी गोळा करतो. तिचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लागतो काय? मोलकरणीने दिलेले ५० रुपयेही सार्वजनिक पैसाच आहेत. कार्यकर्त्यांना हिशेब विचारला की काहींना राग येतो. तो त्यांनी गिळावा. आपली वही उघडी असल्यावाचून सरपंचांची वही मागण्यास तोंड राहणार नाही.

तेव्हा पुढील ग्रामसभेत एवढेच विचारा: १५ टक्क्यांची रक्कम किती झाली आणि ती कोणत्या कामावर गेली? प्रश्न लेखी द्या. ज्याला लिहिता येत नाही त्याने वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्यावी. पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्या आणि ती घरात जपून ठेवा.