लाइन क्लिअर मिळाल्यावर



बंगालीत देवीच्या रोगाला ‘बसंत’ म्हणतात. आपण मराठी माणसांनी त्या रोगाला देवीचं नाव दिलं. बंगालने शीतलेची पूजा केली, पण रोगाचं नाव ठेवलं ऋतूवरून, कारण तो येई तो वसंतात. आज आपण जमलो आहोत त्या कलकत्त्याच्या सियालदहला या विषयाचं वावडं नाही. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावरचं नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज म्हणजे 1873 मध्ये इथे सुरू झालेल्या वैद्यक शाळेचं, पुढच्या कॅम्पबेल स्कूलचं, आजचं रूप. कॅम्पबेल रुग्णालयातल्याच एका खोलीत उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी काळा आजारावरचं औषध सिद्ध केलं. कलकत्त्यात उमेदीची वर्षं काढलेल्या लिओनार्ड रॉजर्स यांनी 1926 मध्ये देवी आणि हवामान यांचं नातं मांडणारं पुस्तकच लिहिलं. पण हा झाला रोगाचा बाहेरचा काळ. मला बोलायचं आहे ते आतल्या काळाविषयी: एका पेशीत शिरलेला देवीकुळातला विषाणू आपली दोनशेच्या आसपास जनुकं कोणत्या क्रमाने उघडतो, आणि तो क्रम मोडत का नाही.

पाठ्यपुस्तकं या जनुकांचे तीन वर्ग सांगतात: लवकरची, मधली आणि उशिराची. ही नावं ऐकली की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर घड्याळ येतं, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. विषाणूजवळ घड्याळ नाही. ही नावं तासांची नाहीत, अटींची आहेत, एवढंच आज मला मांडायचं आहे. सियालदहचं वेळापत्रक भिंतीवर लागलेलं असतं, पण गाडी सुटते ती पुढचा मार्ग मोकळा झाल्यावर, लाइन क्लिअर मिळाल्यावर. विषाणूकडे तर भिंतीवरचं वेळापत्रकही नसतं.

पहिली अट तो बरोबरच घेऊन येतो. बहुतेक डीएनए विषाणू केंद्रकात शिरून पेशीचंच आरएनए पॉलिमरेज वापरतात. देवीकुळ मात्र पेशीद्रव्यातच बिऱ्हाड थाटतं, त्यामुळे पेशीचं यंत्र त्याच्या हाती लागत नाही. देवीकुळातल्या व्हॅक्सिनिया विषाणूच्या कणातच स्वतःचं आरएनए पॉलिमरेज असतं, हे 1967 मध्ये दिसलं. शिवाय लवकरच्या जनुकांचा प्रवर्तक, म्हणजे लेखन कुठे सुरू करायचं ते सांगणारी डीएनएवरची खूण, ओळखणारी डी6 आणि ए7 या प्रथिनांची जोडीही कणातच बांधलेली असते. म्हणून पेशीत शिरल्यावर काही मिनिटांतच पहिला आरएनए निघू लागतो. नव्या प्रथिनासाठी थांबावं लागत नाही.

खरं कोडं पुढे आहे. डीएनएच्या प्रती निघण्याची प्रक्रिया सायटोसिन अरेबिनोसाइडने रोखली, तर मधली आणि उशिराची जनुकं मुकी राहतात. यावर सोपं उत्तर असं की मधल्या जनुकांना लागणारी प्रथिनं अजून तयारच झाली नसतील. 1990 मध्ये केक, बाल्डिक आणि मॉस यांनी हे उत्तर तपासून पाहिलं. प्रती रोखलेल्या पेशीत त्यांनी मधलं जनुक एका सुट्या प्लास्मिडवर घालून आत सोडलं, आणि ते बोललं. विषाणूच्या स्वतःच्या डीएनएवरचं तेच जनुक गप्प असताना हे उपरं जनुक बोललं! म्हणजे कामगार आधीच हजर होते. कुलूप होतं ते साच्यावर. बाहेरून आलेला मूळ डीएनए प्रथिनांत गुंडाळलेला असतो. मधल्या जनुकांना नवा, उघडा साचा लागतो. मग उशिराचं जनुक असंच प्लास्मिडवर घालून पाहिलं तर? ते बोललं नाही. मात्र ए1, ए2 आणि जी8 या तीन मधल्या जनुकांची प्लास्मिडं सोबत दिली, तेव्हा डीएनएच्या प्रती न निघताही तेही बोललं. दोन दरवाजे, दोन वेगळी कुलपं: पहिलं साच्याचं, दुसरं प्रथिनांचं. वेळ कुठेच मोजली जात नाही. एकाचं काम पुरं झालं की त्यातूनच दुसऱ्याची किल्ली निघते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नव्या तंत्रांनी आरएनए अक्षर अन् अक्षर वाचायला लागल्यापासून हे वर्ग एकमेकांत मिसळताना दिसतात. 2010 मध्ये मॉस यांच्याच गटाने 118 लवकरची आणि 93 प्रतींनंतरची जनुकं मोजली. पुढच्या वर्षी या दुसऱ्या गटातली 53 मधली आणि 38 उशिराची ठरली. काही जनुकांना दोन-दोन प्रवर्तक आहेत आणि ती आधीही चालतात, नंतरही. मग तीन वर्ग ही आपणच कागदावर मारलेली रेघ नाही का? मला तसं वाटत नाही. जनुकं मिसळतात, अटी मिसळत नाहीत. दोन प्रवर्तकांचं जनुक म्हणजे दोन तिकिटं काढलेला प्रवासी. त्याच्यामुळे दोन गाड्यांची एक गाडी होत नाही. दुसरा आक्षेप मी अधिक गंभीर मानतो: मधल्या जनुकांच्या लेखनाला यजमान पेशीतलीही प्रथिनं हातभार लावतात, तेव्हा विषाणूच्या स्वयंपूर्णतेचं फार कौतुक करू नये. मान्य. पण क्रम टिकण्यात आणखी एक वाटा आहे, तो पुसण्याचा. विषाणूची डी9 आणि डी10 ही प्रथिनं आरएनएच्या टोकावरची टोपी काढतात आणि जुना मजकूर लवकर नष्ट होतो. पाटी पुसली नाही तर नवा धडा कुठे लिहायचा?

आता थांबण्याविषयी, कारण क्रम जेवढा सुरू होण्यात आहे तेवढाच थांबण्यातही आहे. लवकरच्या जनुकाच्या शेवटाजवळ डीएनएत एक खूण असते: ओळीने पाच टी, मग कोणतंही एक अक्षर, मग पुन्हा टी. ती ओलांडली की वीस ते पन्नास अक्षरांत लेखन थांबतं. गंमत अशी की उशिराच्या टप्प्यात हीच खूण समोर आली तरी तिच्याकडे काणाडोळा होतो. आरएनए पुढे धावत सुटतो, प्रत्येकाची शेपटी वेगळ्या लांबीची. समोरासमोरून आलेले दोन आरएनए एकमेकांना चिकटतात, आणि असा दुपदरी आरएनए हा पेशीच्या दृष्टीने दरोड्याचाच पुरावा. म्हणून विषाणूने त्याला झाकणारं ई3 हे प्रथिन लवकरच्याच टप्प्यात करून ठेवलेलं असतं. उशिराच्या घाईची किंमत आधीच बाजूला काढून ठेवण्यासारखं हे आहे.

ही किंमत वाढवली तर काय होतं, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. 1963 मध्ये मद्रासला देवीच्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना मेथिसाझोन हे औषध देऊन पाहिलं गेलं. औषध घेतलेल्या 1,101 जणांपैकी 3 जणांना देवी आल्या. न घेतलेल्या 1,126 पैकी 78 जणांना, आणि त्यांतले 12 दगावले. औषध नेमकं काय करतं हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या जातकुळीच्या रसायनावर पुढे झालेल्या कामातून कळलं की त्याच्यामुळे उशिराचे आरएनए आणखी लांबतात, दुपदरी आरएनए साचतो आणि पेशी तो सगळाच कापत सुटते. विषाणूचं जी2 हे प्रथिन लेखन पुढे रेटतं. ते बिघडलेला विषाणू उलट या रसायनावाचून वाढतच नाही. रेटा कमी पडतो तो औषध भरून काढतं. ‘मग हे औषध चाललं का नाही?’ असं कोणी विचारील. त्याने उलट्या होत, पाकिस्तानातल्या पुढच्या चाचणीत मद्रासचं यश दिसलं नाही, आणि लस हाताशी होतीच. औषध म्हणून ते मागे पडलं. पुरावा म्हणून मात्र मागे पडायला नको होतं, आणि आपल्या अभ्यासक्रमांत तो सापडत नाही याची मला खंत वाटते.

देवी गेल्या, आता या अटी मोजून करायचं काय, असंही म्हटलं जातं. 1992 ते 1996 या काळात महाराष्ट्रात म्हशींच्या देवींच्या साथी आल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी त्यांचा तपास केला. तो विषाणू व्हॅक्सिनियाचाच भाऊबंद आहे. 2022 च्या लम्पीच्या साथीत आपल्या गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, तेही देवीकुळच. आणि ज्यांना या विषाणूंवर दुसऱ्या रोगाचं जनुक बसवून लस करायची आहे, त्यांनी त्या जनुकात पाच टींची ती खूण चुकून आली आहे का, हे आधी पाहावं. आली असेल तर लवकरच्या प्रवर्तकापुढे आरएनए अर्ध्यातच तुटेल, आणि आपण दोष देत बसू प्रवर्तकाला.

शेवटी एक गोष्ट जवळून पाहू. सडांवर फोड आलेल्या म्हशीची धार काढणाऱ्याच्या बोटावर पुळी येते, पिकते, खपली धरते. खपलीतल्या विषाणूच्या प्रत्येक कणात पॉलिमरेज आहे आणि त्याला चिकटून डी6 व ए7 ची जोडी आहे. लवकरची जनुकं उघडणारी ही जोडी स्वतः मात्र उशिरा तयार होते: आधीच्या पेशीत सगळं काम उरकत आलं तेव्हा ती घडली आणि कणात भरली गेली. पुढच्या पेशीतलं पहिलं मिनिट असं आदल्या पेशीच्या शेवटच्या तासांत बांधून ठेवलेलं असतं, आणि ती खपली उद्या गोठ्यात कुठेतरी गळून पडेल.