पावसाळ्यांतील रविवार

पुण्याचा पाऊस कोंकणच्या पावसासारखा एकदम कोसळून मोकळा होणारा नव्हे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आपलें बहुतेक ओझें उतरवून मेघ इकडे येतात आणि उरलेलें पाणी दिवसभर बारीक धारेनें शिंपीत बसतात. अशा पावसांत बाहेर पडण्याची हौस वाटत नाहीं आणि घरीं बसण्यास पुरतें निमित्तही मिळत नाहीं. त्यांतून तो दिवस रविवारचा असला म्हणजे सदाशिव पेठेंतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थाची पंचाईत होते. आठवडाभर बाजूस ठेवलेलें पुस्तक उघडावें, तों स्वयंपाकघरांतून शब्द येतात, "अहो, जरा उघडल्यासारखें दिसतें आहे, तेवढें दळण टाकून याल का?"

ही मागणी अवाजवी नसते. पावसाळ्यांत पीठ सादळतें, त्यास जाळी धरते. म्हणून दळण थोडेंथोडेंच करावें लागतें. दळणामागून भाजी, भाजीमागून छत्रीची मोडलेली काडी, अशी यादी लांबत जाते.

गृहस्थाच्या हातीं, समजा, लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें' आहे. १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालेलें हें आत्मचरित्र म्हणजे व्यवहाराकडे लक्ष नसलेल्या कवीचा संसार रेटणाऱ्या पत्नीची कहाणी. गृहस्थ ती मनमुराद हंसत वाचतो. दळणाचा डबा उचलावयाचा त्यास मात्र कंटाळा येतो. रविवार हा आपल्या हक्काचा, अशी त्याची समजूत असते.

हक्क खरा; पण तो सर्वांना सारखा मिळालेला नाहीं. कचेऱ्यांना रविवारची सुटी राज्यकर्त्यांच्या धर्माबरोबर आयती आली. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती झगडून घ्यावी लागली. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं ही मागणी हातीं घेतली. आपल्या लोकांत रविवार हा खंडोबाचा वार, हेंही त्यांच्या बाजूस होतें. २४ एप्रिल १८९० रोजीं झालेल्या सभेस सुमारें दहा हजार कामगार जमले आणि तेथें दोन कामकरी स्त्रियांचींही भाषणें झालीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं साप्ताहिक सुटी मान्य केली. गिरणींतील स्त्रीला एक दिवस मिळाला. चुलीपुढच्या कामास मात्र तो ठराव लागू झालेला नाहीं. उलट रविवारीं सारीं माणसें घरीं, म्हणून एक भाजी अधिक आणि चहा चार वेळां.

असो. गृहस्थ अखेर निघतो. डबा गिरणींत ठेवून तो मंडईंत शिरतो. १८८६ सालीं उघडलेली ही अष्टकोनी इमारत प्रथम गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें ओळखली जाई. नगरपालिकेचे सभासद असतांना हा पैसा शिक्षणाकडे लावावा म्हणून ज्या फुल्यांनीं तिच्या खर्चास विरोध केला, त्यांचेंच नांव पुढें तिला मिळालें! आंत मेथीची जुडी वरून हिरवी आणि आंतून कुजकी निघते. अळू मात्र टवटवीत असतें. शेजारीं करटोलीं असतात, पण त्यांचा भाव ऐकून गृहस्थ पुढें सरकतो. अळूच्या दोन जुड्या घेऊन तो अप्पा बळवंत चौकाकडे वळतो. मंडईहून सदाशिव पेठेंत येण्याचा हा रस्ता नव्हे. तथापि पुस्तकांच्या दुकानांपुढें छत्री मिटून उभें राहिलें असतां अर्धा तास कोठें जातो, हें कोणास सांगतां येत नाहीं. काडीची आठवण तेथेंच, छत्री उघडतांना होते.

तो परततो तेव्हां पुस्तक खुर्चीवर नसतें. खिडकीशीं त्याची पत्नी तें वाचीत बसलेली असते. दार वाजल्याचेंही तिला भान नसतें. तिचें पान त्याच्या खुणेच्या पुष्कळ पुढें गेलेलें असतें, आणि मधल्या पानांच्या कडांस हळदीचे डाग असतात. वरण शिजेपर्यंतच्या पांच-दहा मिनिटांत तिचें वाचन आठवडाभर चाललेलें असतें!

गृहस्थ कांहीं बोलत नाहीं. डबा जागेवर ठेवून तो विळी घेतो. अळू चिरण्यापूर्वीं हातांस तेल किंवा चिंच चोळावी लागते, नाहीं तर हात खाजतात, ही माहिती त्यास त्या दुपारीं प्रथमच होते.