डब्यातील ढोबळी मिरची
(शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



शालेय परसबागेचा विषय निघाला की पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा. प्रश्न रास्त आहे. कित्येक शाळांना अंगणापलीकडे जमीन नाही. आणि असली तरी दिवाळीच्या सुटीत तिला पाणी कोणी घालावे, हा पेच उरतोच. यावर एक साधा उपाय आहे. रोपे शाळेत तयार करावीत आणि प्रत्येक मुलाने एक रोप घरी नेऊन डब्यात वाढवावे. यासाठी ढोबळी मिरची सोयीची आहे. ती तिखट नसते, फळ मोठे असते आणि एका कुंडीत एक झाड सुखाने नांदते.

ऑगस्टअखेर एका पसरट खोक्यात माती व चाळलेले शेणखत घालून बी अर्धा इंच खोल पेरावे. पाणी बेताचेच द्यावे. ओल साचली तर कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पाच-सहा आठवड्यांत रोपांना पाच-सहा पाने फुटतात. तेव्हा ती लावणीयोग्य झाली असे समजावे. लावणीपूर्वी आठवडाभर त्यांना थोडथोडे ऊन दाखवावे.

घरी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा चालेल. औषध-फवारणीचा डबा मात्र कदापि घेऊ नये. वरचा पत्रा मोठ्या माणसाने कापून कडा ठोकून बोथट करावी, तळाला पाच-सहा भोके पाडावीत आणि बाहेरून चुना फासावा, म्हणजे पत्रा कमी तापतो. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू भरावी. आपली काळी माती एकटीच भरली तर ती पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात.

लावणी सायंकाळी करावी व आठवडाभर दुपारची सावली द्यावी. वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागली की तळातून पाणी झिरपेपर्यंत घालावे. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी चिखल, असे झाल्यास झाडाला चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट मिळत नाही आणि फळाचे टोक काळे पडते. पाने आकसू लागली तर मागची बाजू पाहावी. तेथे फुलकिडे किंवा कोळी असतात. निंबोळीचा पाच टक्के अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यास 50 ग्रॅम निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, फवारावे. उष्णता 32 अंशांवर गेली तर फुले गळतात. म्हणून हिवाळ्याचा हंगाम धरला आहे.

आता वर्गाकडे वळू. दर शुक्रवारी मुलांनी झाडाची उंची मोजून आलेख काढावा. बारा फुले आली व पाच फळे धरली, तर शेकडा प्रमाण किती? हे गणित पुस्तकातल्यापेक्षा लवकर समजते. एक फळ झाडावरच पिकू द्यावे. हिरवी आणि लाल मिरची ही दोन जातींची नसून एकाच फळाच्या दोन अवस्था असू शकतात, हे मुलांना प्रत्यक्ष दिसेल. हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी याच कुळातल्या मिरचीपासून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले. 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही हकीकत त्या दिवशी सांगावी.

एक पथ्य मात्र पाळावे. फळे मोजून गुण देऊ नयेत. एखाद्याचे झाड शेळी खाईल, एखाद्याच्या घरी पाण्याचीच ओढ असेल. ज्याचे झाड मेले त्याने ते का मेले हे नीट लिहिले, तर त्याचा अभ्यास पूर्ण झाला असे मानावे, आणि खोक्यात राखून ठेवलेले दुसरे रोप त्याला द्यावे.

आणि ज्या मुलाचे आईबाप ऊसतोडणीला गेले असून जे आजीजवळ मागे राहिले आहे, त्याला पहिले रोप द्यावे. सकाळी उठून ज्याची वाट पाहावी असे काहीतरी त्याच्या दारात असू द्या. मिरची एक लागो वा दहा, शाळेने त्याच्या घरापर्यंत एक पाऊल टाकलेले असेल.